मुंबई कॅन्सर रजिस्ट्री : रिपोर्टातल्या ओळीपासून कोडपर्यंत

जून १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कॅन्सर रजिस्ट्री स्थापन केली आणि १९६४ पासून बृहन्मुंबईतल्या रुग्णांची मोजदाद तिच्या दप्तरात सुरू झाली. ठरावीक भूभागात राहणाऱ्या सगळ्या माणसांमधले कॅन्सरचे रुग्ण मोजणारी, म्हणजे लोकसंख्येवर आधारलेली, ही भारतातली पहिली नोंदणी. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की पायाभरणी, नवी इमारत, देणगीदार, अध्यक्षांच्या कारकिर्दी असा क्रम आपोआप लागतो. रजिस्ट्रीच्या बाबतीत तो पुरत नाही. इथे शस्त्रक्रिया होत नाही, औषध दिले जात नाही, रुग्ण या कचेरीची पायरीही चढत नाही. शहरातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्टने लिहिलेल्या दोन-तीन ओळी वाचायच्या, त्या कोणत्या माणसाच्या आहेत याची खात्री करायची आणि त्यांना कोड द्यायचा, हे इथले मुख्य काम. माझे सगळे आयुष्य त्या ओळी लिहिण्याच्या बाजूला गेले. त्यामुळे हा इतिहास मी कोडच्या अंगाने सांगणार आहे : तो कशावरून दिला जातो, कोण देते, आणि आता यंत्र तो देऊ लागले आहे तेव्हा आपण काय सांभाळायचे.

या कामाची बीजे परळमध्ये आधीच पडली होती. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणाऱ्याने त्या पेशींच्या मालकाचीही चौकशी करावी, हा खानोलकरांचा आग्रह. माणूस काय खातो, काय चघळतो, विडी कशी ओढतो, धोतर कुठे आवळतो, हे सारे त्यांच्या लेखी निदानाशी जोडलेले होते. १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह भारतीय सवयींशी निगडित कॅन्सरच्या तीन नव्या प्रकारांवर लेख प्रसिद्ध केला. धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेच्या त्वचेवर वर्षानुवर्षे घर्षण होऊन उद्भवणारा कॅन्सर त्यांत होता. पुढे १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध मांडला.

पण या सगळ्या अभ्यासांना एक मर्यादा होती आणि ती खुद्द हे लोक जाणून होते. हॉस्पिटलच्या आकड्यांत अंश असतो, छेद नसतो. टाटामध्ये देशभरातून रुग्ण येत. त्यांतले अमुक इतके तोंडाच्या कॅन्सरचे, एवढे सांगता येई. मुंबईत राहणाऱ्या लाखभर पुरुषांमागे वर्षाला किती जणांना तोंडाचा कॅन्सर होतो, हे मात्र सांगता येत नसे. त्यासाठी शहराच्या हद्दीतला प्रत्येक रुग्ण, मग तो केईएम हॉस्पिटलमध्ये असो, गिरगावातल्या खासगी नर्सिंग होममध्ये असो वा घरीच वारलेला असो, एकदा आणि एकदाच मोजला जायला हवा होता. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साडेएक्केचाळीस लाख होती. नवल टाटा यांच्या साथीने १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी उभी करणारे शल्यविशारद डॉ. दाराब जस्सावाला यांनी एवढ्या मोठ्या, सतत हलत्या शहरात हे काम हाती घेतले. नोंदणीची परंपरा असलेल्या युरोपीय देशांनाही सोपे न गेलेले हे काम आपल्याकडे अंगावर घेणे हे मोठ्या हिमतीचे होते, असे माझे ठाम मत आहे.

कॅन्सर हा कायद्याने कळवावा लागणारा आजार नव्हता. डॉक्टरांकडून आपणहून माहिती येईल अशी वाट पाहत बसले असते तर दप्तर कोरेच राहिले असते. म्हणून रजिस्ट्रीने पहिल्यापासून माणसे पाठवण्याची पद्धत ठेवली. कर्मचारी हॉस्पिटलांच्या वॉर्डांत जात, रुग्णांशी बोलत, पॅथॉलॉजी, रक्तविज्ञान, क्ष-किरण, किरणोपचार अशा प्रत्येक विभागाच्या नोंदवह्या चाळत, खासगी प्रयोगशाळांत जात आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून कॅन्सरने झालेले मृत्यू शोधून काढत. एकच रुग्ण चार ठिकाणी सापडे. बायोप्सी एका प्रयोगशाळेत, शस्त्रक्रिया दुसरीकडे, किरणोपचार तिसरीकडे, आणि मृत्यूचा दाखला महापालिकेत. भारतभर चालेल असा ओळख क्रमांक तेव्हा कुणालाच नव्हता. नाव, वय, पत्ता यांवरून जुळणी करायची. एके ठिकाणी नाव माहेरचे, दुसरीकडे सासरचे. एके ठिकाणी वय पंचेचाळीस, दुसरीकडे पन्नास.

पत्त्याची गोष्ट तर खास मुंबईची. रत्नागिरीहून किंवा विदर्भातून उपचारासाठी आलेला माणूस लालबागच्या चाळीतल्या मामाचा पत्ता देतो. कागदावर तो मुंबईकर झाला. तो मोजला तर मुंबईचा आकडा फुगतो. आपल्या नोंदण्यांचा नियम असा की, त्या हद्दीत किमान एक वर्ष वास्तव्य असेल तरच रुग्ण तिथला. हे वर्ष कुठल्याच पॅथॉलॉजी रिपोर्टवर लिहिलेले नसते. ते खाटेशेजारी उभे राहून विचारावे लागते. पुढे यंत्रांविषयी जे लिहिणार आहे ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता त्या ओळींकडे येतो. आपल्याकडचा अगदी नेहमीचा रिपोर्ट घ्या : डाव्या गालाच्या आतल्या अस्तराची बायोप्सी, निदान स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड. कोड देणारी व्यक्ती याचे तुकडे पाडते. जागा गालाचे अस्तर, म्हणून सी०६.०. गाठीची जात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणून ८०७०. तिची वागणूक घातक आणि ती इथेच उगम पावलेली, म्हणून तिरक्या रेघेपुढे ३. प्रत मध्यम, म्हणून त्यापुढे २. सगळे मिळून ८०७०/३२. डावी बाजू वेगळ्या रकान्यात, निदान कशाच्या आधारे झाले ते आणखी एका रकान्यात. मूळ जागेच्या उतीची तपासणी झाली असल्यास तिथे ७. आता हाच रिपोर्ट गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेचा असता तर जागा सी०६.१ झाली असती. आपल्याकडे तंबाखूची गोळी नेमकी त्या खाचेत धरली जाते. त्यामुळे सी०६.० आणि सी०६.१ यांतला फरक मुंबईत अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. रिपोर्टात नुसते ‘ओरल कॅव्हिटी’ लिहिले की दोन्ही शक्यता गेल्या. उरतो तो सी०६.९, म्हणजे तोंड, जागा अनिर्दिष्ट. मागून कितीही हुशार माणूस किंवा यंत्र बसवले तरी न लिहिलेली जागा कोणालाच सांगता येत नाही.

मानेतल्या गाठीचा रिपोर्ट याहून अवघड. ‘लसिका ग्रंथीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा प्रसार’ अशी ओळ वाचून नवखा माणूस जागा म्हणून लसिका ग्रंथी लिहितो आणि चुकतो. कॅन्सर ग्रंथीत पोचला आहे, तिथे जन्मलेला नाही. मूळ जागा शोधण्यासाठी त्याच रुग्णाचे इतर कागद काढायचे आणि कुठेच सापडली नाही तर मूळ जागा अज्ञात म्हणून सी८०.९ द्यायचा. मी ज्या प्रयोगशाळेत काम केले तिथे येणाऱ्या नोंदणीच्या बाई खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवून पहिला प्रश्न हाच विचारायच्या : “सर, ह्या पेशंटची प्रायमरी कुठे आहे?” माझ्या रिपोर्टात ती नसे, कारण गाठ पाठवणाऱ्याने मला सांगितलेली नसे. मग त्या शस्त्रक्रिया विभागात जाऊन केसपेपर शोधून काढत. कोडिंग म्हणजे टेबलाशी बसून पुस्तकातून आकडा उतरवणे, असे समजणाऱ्यांनी ही पायपीट पाहायला हवी होती.

ज्या पुस्तकांतून हे कोड येतात त्यांचा इतिहास रजिस्ट्रीच्या इतिहासात गुंफलेला आहे. रजिस्ट्री सुरू झाली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार वर्गीकरणाची, आयसीडीची, सातवी आवृत्ती चालू होती. १९६८ मध्ये आठवी आली, १९७९ मध्ये नववी. आयसीडी मूळची मृत्यूच्या कारणांसाठी घडलेली. तिच्यात कॅन्सर मुख्यतः जागेनुसार मांडला आहे. पोटात अडिनोकार्सिनोमा आहे की लिम्फोमा, हे पॅथॉलॉजिस्टला हवे असते. ती उणीव अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९५१ मध्ये गाठींच्या नामावलीचे पुस्तक काढून काही अंशी भरली. १९६५ मध्ये कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने ‘स्नॉप’ ही नामावली प्रसिद्ध केली आणि पॅथॉलॉजीच्या वाक्याला चार बाजू असतात हे पक्के केले : जागा, पेशींचे रूप, कारण आणि शरीरक्रियेतला बिघाड. आज जगभर वापरात असलेली स्नोमेड ही त्याच घराण्यातली. स्नॉपमधली गाठींची यादी घेऊन १९६८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे पुस्तक नव्याने निघाले आणि १९७६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-ओ ही खास कॅन्सरसाठीची आवृत्ती आणली. वर दिलेले ८०७०/३ हे त्याच वंशातले. दुसरी आवृत्ती १९९० ची, तिसरी २००० ची.

आवृत्ती बदलली की काय होते याचे एक उदाहरण सांगतो, कारण नोंदणीतला सर्वांत नाजूक धोका इथे आहे. अंडाशयाच्या काही गाठी धड साध्या नसतात, धड घातक नसतात. त्यांना सीमारेषेवरच्या गाठी म्हणतात. पहिल्या आयसीडी-ओमध्ये त्यांचा शेवटचा अंक १ होता, म्हणजे अनिश्चित. दुसऱ्या आवृत्तीत तो ३ झाला, म्हणजे घातक. तिसऱ्या आवृत्तीत पुन्हा १. पेशी त्याच, आजार तोच, पण १९९० नंतर या गाठी कॅन्सरच्या संख्येत आल्या आणि पुढे बाहेर गेल्या. रक्ताच्या काही विकारांचे उलट झाले. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम तिसऱ्या आवृत्तीत १ वरून ३ वर गेले. पन्नास वर्षांचा आलेख काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो पुस्तकातल्या बदलाला शहरातली साथ समजेल. यावर उपाय एकच : पॅथॉलॉजिस्टचे मूळ शब्द कोडच्या शेजारी जपून ठेवणे. शब्द असतील तर कोड केव्हाही पुन्हा देता येतो. नुसता कोड उरला तर शब्द परत मिळत नाहीत.

या काटेकोर कामाचे फळ लवकर मिळाले. १९७० मध्ये ‘कॅन्सर इन्सिडन्स इन फाइव्ह कॉन्टिनेंट्स’ या जागतिक ग्रंथमालेचा दुसरा खंड निघाला. त्यात मुंबईचे १९६४ ते १९६६ चे आकडे होते. पहिल्या खंडात भारत नव्हता. त्याच वर्षी जस्सावाला, देशपांडे, नातेकर आणि अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे विल्यम हेन्झेल यांनी पारशी समाज आणि एकूण मुंबई यांची तुलना प्रसिद्ध केली. संख्याशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला हेन्झेल हे नाव मँटेलच्या जोडीने पाठ असते. ते नाव मुंबईच्या आकड्यांवर बसले होते हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण ठळकपणे जास्त दिसले. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन समूहांची चित्रे इतकी वेगळी असू शकतात, तर राहणी, लग्नाचे वय, मुले, तंबाखू यांचा विचार टाळता येणार नव्हता. पुढच्याच वर्षी तंबाखू चघळणारे आणि ओढणारे यांच्या धोक्याचे जस्सावाला-देशपांडे यांचे मोजमाप आले. नंतरच्या दशकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुंबईत उतरत गेला आणि स्तनाचा चढत जाऊन स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर आला, हेही याच दप्तराने दाखवले.

रजिस्ट्रीचे काम पुढे पुणे, औरंगाबाद आणि नागपूर या शहरांत पसरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम सुरू केला आणि १ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या जोडीला बंगळूर आणि मद्रास इथेही लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदी होऊ लागल्या. चंदीगड, दिब्रुगड आणि तिरुवनंतपुरम इथल्या नोंदण्या हॉस्पिटलांवर आधारलेल्या होत्या. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत आले. गावात पॅथॉलॉजी प्रयोगशाळाच नसते, तेव्हा रिपोर्ट गोळा करण्याच्या आधी माणसे तपासणीपर्यंत आणावी लागतात, हे बार्शीने शिकवले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

संगणक आला तो आधी लिहायला नाही, तपासायला. फ्रान्समधल्या ल्याँ इथल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने नोंदण्यांसाठी तपासणीचे प्रोग्रॅम तयार केले. लिंग आणि जागा जुळतात का, वय आणि गाठ जुळतात का, जागा आणि गाठ जुळतात का, अशा चाळण्या त्यात लावलेल्या असतात. पुरुषाच्या नावापुढे गर्भाशयमुख आले, साठीच्या माणसाला रेटिनोब्लास्टोमा लागला, तिशीतल्या तरुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर लिहिला गेला, की यंत्र नोंद बाजूला काढते. पहिली गोष्ट अशक्यच. बाकीच्या दोन अत्यंत दुर्मीळ, पण अशक्य म्हणता येत नाहीत. म्हणून यंत्र खोडत नाही, विचारते. मग कागद पुन्हा काढायचा. दुसरे काम रूपांतराचे. आयसीडी-ओचे दोन कोड दिले की आयसीडी-१० चा कोड यंत्र स्वतः लावते. जठरात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा असेल तर आयसीडी-ओ जागा म्हणून सी१६ ठेवते, पण आयसीडी-१० मध्ये तो जठर सोडून लिम्फोमांच्या घरात, सी८३.३ मध्ये जातो. त्वचेचा मेलेनोमा सी४४ वरून सी४३ होतो. नियम पक्का असल्यामुळे इथे यंत्र माणसाहून सरस आहे. ते थकत नाही आणि शुक्रवारी संध्याकाळीही चुकत नाही.

खरे अवघड काम म्हणजे पॅथॉलॉजिस्टचे मोकळे वाक्य वाचून थेट कोड देणे. गंमत अशी की त्याचा प्रयत्न मुंबईची रजिस्ट्री अगदी बाल्यावस्थेत असतानाच सुरू झाला होता. अमेरिकेत बेथेस्डा इथे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये अर्नोल्ड प्रॅट आणि मिलोस पॅकाक यांनी १९६९ मध्ये वैद्यकीय इंग्रजीचे यांत्रिक विश्लेषण प्रसिद्ध केले. शब्दाचा शेवट पाहून विशेषणाचे नाम करायचे, ‘ब्राँकियल’ दिसले की ‘ब्राँकस’पर्यंत पोचायचे, मग ते स्नॉपच्या यादीत शोधायचे. १९७८ मध्ये त्यांनी डनहॅम यांच्यासह पॅथॉलॉजीच्या माहितीची आपोआप सूची करण्यावर लिहिले. नेदरलँड्सने वेगळी वाट धरली. तिथल्या पॅथॉलॉजिस्टांनी १९७१ मध्ये ‘पाल्गा’ नावाची संस्था काढली. रिपोर्टाच्या शेवटी जागा, नमुना कसा घेतला आणि काय सापडले हे ठरलेल्या शब्दांत एका ओळीत लिहायचे. त्या ओळीचा कोड संगणक करतो. १९९१ पासून देशातली प्रत्येक पॅथॉलॉजी प्रयोगशाळा तिच्यात सामील आहे. मला ही वाट फार शहाणपणाची वाटते. यंत्राला माणसाचे मन ओळखायला लावण्यापेक्षा माणसाने एक ओळ नीट लिहावी, हा त्यामागचा विचार आहे.

मोकळ्या वाक्यात अडचणी किती, ते आमच्या पेशातल्या कुणालाही विचारा. ‘कार्सिनोमा नाही’ या वाक्यात कार्सिनोमा हा शब्द आहेच. ‘कार्सिनोमाची शंका दूर करण्यासाठी बायोप्सी’ हेही तसेच; ते तर निदान नसून पाठवणाऱ्याचा प्रश्न आहे. ‘एससीसी’ ही तीन अक्षरे तोंडाच्या रिपोर्टात स्क्वॅमस सेल असतात. फुप्फुसाच्या रिपोर्टात कुणी घाईत स्मॉल सेलसाठीही लिहून जातो आणि दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. ‘सुसंगत’, ‘सूचक’, ‘बहुधा’ या शब्दांचे वजन वेगळे असते. अमेरिकी नोंदण्यांनी त्यांची यादीच करून ठेवली आहे : ‘कन्सिस्टंट विथ’ असेल तर कॅन्सर धरा, ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असेल तर धरू नका. पॅथॉलॉजिस्ट लिहिताना ही यादी डोळ्यांसमोर ठेवून लिहीत नाही. तो समोरच्या सर्जनसाठी लिहितो, आणि त्याने त्याच्यासाठीच लिहावे.

आपल्याकडे रिपोर्ट थेट संगणकावरून घेण्याचे पहिले मोठे पाऊल २००१ मध्ये पडले. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाने भारताचा कॅन्सर नकाशा करायला घेतला आणि देशभरच्या पॅथॉलॉजी विभागांना निदान झालेल्या रुग्णांची माहिती इंटरनेटवरून पाठवायला सांगितले. त्या काळी कित्येक मेडिकल कॉलेजांत फोनच्या तारेवरून चालणारे इंटरनेट होते, तेही कधी असे, कधी नसे. तरीही १०५ केंद्रांमधून २००१ आणि २००२ या दोन वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली निदान झालेल्या २,१७,१७४ रुग्णांच्या नोंदी जमल्या. जिथे कधीच नोंदणी नव्हती अशा जिल्ह्यांचे चित्र त्यातून उमटले. केरळ, कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत स्त्रियांमधल्या थायरॉईड कॅन्सरचा पट्टा दिसला तो याच कामात. प्रयोगशाळेतल्या रिपोर्टांत केवढे ज्ञान पडून असते, याचा हा माझ्या मते सर्वांत मोठा भारतीय पुरावा आहे.

आता ताज्या टप्प्याकडे. अमेरिकेच्या ‘सीअर’ या १९७३ पासूनच्या नोंदणी कार्यक्रमाने आणि ऊर्जा खात्याच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१६ पासून रिपोर्ट वाचून कोड देणाऱ्या यंत्रावर एकत्र काम सुरू केले. यात नियम लिहून दिलेले नाहीत. आधी माणसांनी कोड दिलेले रिपोर्ट, मूळ मजकुरासह, मोठ्या संख्येने यंत्राला दाखवले आणि त्यातून ते शिकले. जागा, उपजागा, बाजू, गाठीची जात आणि वागणूक असे पाच कोड ते देते. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की खात्री नसेल तिथे यंत्राने गप्प राहायचे आणि रिपोर्ट माणसाकडे पाठवायचा, अशी त्याची रचना आहे. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार साधारण पाव हिस्सा रिपोर्टांचे कोड यंत्र परस्पर देते आणि त्यांत सुमारे ९८ टक्के बरोबर असतात. बाकीचे पाऊण माणसेच पाहतात. नेहमीच्या गाठी यंत्राला येतात. ज्यांचे नमुने कमी, त्या दुर्मीळ गाठींत ते अडते. एवढी साधने, एवढा पैसा लावूनही हे प्रमाण आहे, तेव्हा उद्या कुणी येऊन सगळे कोडिंग आपोआप करून देतो म्हणाला तर त्याला आधी आपले हजारभर रिपोर्ट देऊन परीक्षा घ्यावी.

आणि ही परीक्षा आपल्याच रिपोर्टांवर व्हायला हवी. अमेरिकेत शिकलेल्या यंत्राने तिथली वाक्ये पाहिली आहेत. आपल्याकडे बाहेरून आलेल्या स्लाइडवर दुसरे मत देण्याचे रिपोर्ट भरपूर. त्यात पहिल्या प्रयोगशाळेचे निदान आणि आपले निदान एकाच परिच्छेदात येते. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर तिथल्यापेक्षा खूपच जास्त, आणि गालाची खाच, हिरडी, जिभेची कड यांतला भेद आपल्याला तिथल्यापेक्षा जास्त लागतो. स्कॅन केलेले, हाताने लिहिलेले, तिसऱ्या प्रतीवर पुसट झालेले कागद आहेत ते वेगळेच. असे यंत्र इथे घडवायचे तर शिकवणीसाठी लागणारा खजिना इथेच हवा : मूळ मजकूर आणि त्याच्यापुढे अनुभवी माणसाने दिलेला कोड, दोन्ही एकत्र. साठ वर्षे या शहरात रिपोर्ट वाचून कोड दिले गेले. त्या कोडांशेजारचा मूळ मजकूर जिथे जिथे टिकला आहे तिथे ते श्रम उद्याच्या कामालाही उपयोगी पडतील.

माणसांची गरज त्यामुळे कमी होणार नाही, असे मी जबाबदारीने लिहितो. यंत्र रिपोर्ट वाचेल. तो रुग्ण वर्षभर मुंबईत राहिला का, हे विचारायला कुणीतरी वॉर्डात जावेच लागेल. मानेतल्या गाठीची मूळ जागा कुणीतरी केसपेपरातून काढावीच लागेल. सोपे रिपोर्ट यंत्राने उचलले तर नोंदणीतल्या अनुभवी माणसांचा वेळ या अवघड कागदांना मिळेल, आणि तो मिळावा. त्या माणसांच्या नेमणुका, पगार आणि प्रशिक्षण यांकडे आजवर पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. सॉफ्टवेअरच्या खरेदीआधी ते द्यावे.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माझ्या पॅथॉलॉजिस्ट मित्रांना शेवटची विनंती. निदानाच्या ओळीत नेमकी जागा, बाजू, गाठीची जात आणि ती मूळची आहे की पसरलेली, एवढे प्रत्येक वेळी लिहा. ‘एससीसी’ लिहू नका, पूर्ण नाव लिहा. नमुन्यासोबत अर्धवट भरलेला फॉर्म आला तर फोन करून विचारा. प्रयोगशाळेसाठी नवे सॉफ्टवेअर घेताना जुन्या रिपोर्टांचा मजकूर शब्द न् शब्द बाहेर काढता येतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि सॉफ्टवेअर बदलताना तो मजकूर टाकून देऊ नका. नोंदणीचा कर्मचारी दाराशी आला तर त्याला बसायला खुर्ची आणि पाहायला वही द्या.